मोआबची वाट आणि आमची रोजची गाडी



अमेरिकेत यूटा राज्यात मोआब म्हणून एक लहान गाव आहे. रूथ ज्या मवाब देशातून आली, त्याच्यावरून हे नाव पडलं असं लोक सांगतात. आम्ही डेन्व्हरला राहतो. तिथून हे गाव सुमारे साडेतीनशे मैल. मागच्या ऑक्टोबरात मी, लेक, जावई आणि दोन नातवंडं असे पाच जण तिथं तीन रात्री राहून आलो, आणि तेही हॉटेलात नव्हे, उघड्यावर. माझी सत्तरी उलटून गेली आहे, एक गुडघा बदललेला आहे आणि इन्सुलिन चालू आहे. फोनवर मैत्रिणी विचारतात, "अगं, या वयात जीपगाडीत बसून डोंगर कशाला चढायचे?" म्हणून सविस्तर लिहिते.

त्या मुलखात जिकडे पाहावं तिकडे लाल खडक. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या माणसाला मोआबजवळ युरेनियम सापडलं, आणि ते शोधायला झुंबड उडाली. गुरांच्या पायवाटा खोदून रुंद केल्या, त्यावरून खनिजाचे ट्रक चालू लागले. पुढे ट्रक गेले, वाटा राहिल्या. आता हौशी माणसं त्यावरून जीप घेऊन हिंडतात. १९६७ पासून दर ईस्टरला तिथं जीपवाल्यांची जत्राच भरते. पेसाखही बहुधा त्याच सुमाराला, म्हणून आम्ही गर्दी टाळून सुक्कोथनंतर गेलो.

जीप म्हटलं की आपल्या लोकांना काही नवल नाही. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. मी नर्सिंग करून कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते, तेव्हा आमची सारी भिस्त जीपवर. मांडीवर लशीचा बर्फाचा थर्मास, मागच्या बाकावर डॉक्टर आणि एखादी अडलेली बाई. पावसाळ्यात पाठीचा काटा ढिला व्हायचा, पण तक्रार कोणाकडे करायची? जावई दिमोनाला वाढलेला. त्याने लष्करात 'सुफा' चालवली. सुफा म्हणजे वादळ. अमेरिकन रँग्लरवरून नाझरेथजवळच्या कारखान्यात बनणारी जीप. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे वेड आहे.

पण आमच्या घरी दोन-तीन गाड्या उभ्या नाहीत. एकच टोयोटा फोररनर, २०१६ सालची. सोमवारी तीच मुलांना शाळेत सोडते, बुधवारी मला दवाखान्यात नेते. हिवाळ्यात आय-७० वरून बर्फातून डोंगर ओलांडायचा तोही तिच्यातच. जावयाने कागद काढला. गाडी चार इंच उंच करायची, मोठे जाड टायर, पुढे पोलादी बंपर, टपावर घडीचा तंबू. मी म्हटलं, "बाळा, आधी पाटी वाच."

मुलांनो, तुम्हीही बघा. अमेरिकेतल्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं की चौकटीवर एक पाटी दिसते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला १,१०० पौंड. आता बेरीज करा. जावई १९०, लेक १५०, नातू ११०, नात ७५, मी १३५. झाले ६६०. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन धरतात. पाच माणसं, तीन दिवस म्हणजे १५ गॅलन. एका गॅलनचं वजन सव्वाआठ पौंडांच्या वर, म्हणून पाणीच १२५ पौंड. राहिले ३१५. त्यात टपावरचा तंबू आणि त्याची चौकट मिळून दोनशे, बंपर दीडशे. म्हणजे भांडी, अंथरुणं, खाणं गाडीत पडायच्या आधीच आकडा संपला! मागची स्प्रिंग कडक बसवली की झालं, असं काही जण समजतात. स्प्रिंगने गाडीचं बूड वर राहतं, पाटीवरचा आकडा मात्र तेवढाच राहतो. ब्रेक तेच, सांगाडाही तोच. उतारावर मुलं आत असताना गाडी वेळेवर थांबायला नको?

तंबूबद्दल मी नर्स म्हणूनच बोलले. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला अंधारात शिडी उतरायला लावायची? म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड असंच मोडतं. तंबू रद्द झाला. बंपरही रद्द. गाडी चार इंचांऐवजी दीड इंचच उचलली, आणि मागे सामान भरल्यावर बसणार नाही अशी स्प्रिंग आणि चांगले शॉक अॅब्सॉर्बर घातले. टायर मूळ मापाचेच, फक्त खडकाला आणि बर्फाला चालतील असे. उगाच भारी, दहा पदरी टायर घेतले असते तर रोज शाळेच्या रस्त्यावर गचके खाल्ले असते आणि पेट्रोलही जास्त लागलं असतं.

खर्च झाला तो बिनदिखाऊ गोष्टींवर. दाराखाली बाजूने लोखंडी नळ्या बसवल्या. खडक लागला तर त्या गाडीचा पत्रा वाचवतात, पण त्यांना वरून सपाट पट्टी आहे, ती माझी पायरी. आत धरायला मूठ होतीच. गुडघेवाल्यांनो, लक्षात ठेवा: चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दुसरं म्हणजे छोटा फ्रिज. तो गाडी चालू असताना गाडीवर आणि मुक्कामाला वेगळ्या बॅटरीवर चालतो. जावयाला त्यात शीतपेयं दिसली, मला इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन ३६ ते ४६ अंश फॅरनहाइटमध्ये ठेवायचं, आणि एकदा गोठलं की टाकून द्यायचं. बर्फाच्या पेटीत बर्फाला चिकटून बाटली गोठायची भीती, आणि बर्फ वितळला की सगळा चिखल. म्हणून मी फ्रिजच्या आत वेगळा थर्मामीटर ठेवला, कारण दारावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. शिवाय मोआबला आपलं कोशर मटण कुठं मिळायला? ते घरून गोठवून नेलं, पण वेगळ्या पेटीत.

झोपायला दोन फळ्या. दिवसा त्या सामानावर आडव्या, रात्री मागची सीट पाडून त्यांच्यावर गादी. मी आणि नात गाडीत झोपलो, बाकीचे खाली तंबूत. मागच्या दाराने चढायला मुलांचं मोरीतलं स्टूल नेलं होतं. त्याला एक पैसा पडला नाही. एक सांगते: थंडी वाजली म्हणून गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपू नका, आणि गॅसची शेगडी तंबूत पेटवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. रात्री पारा चाळिसाच्या जवळ उतरला, दोन रजया पुरल्या.

आता संडासाचं, कारण हा प्रश्न सगळे विचारतात आणि लिहीत कोणी नाही. नदीकाठी सरकारी तळ आहेत, तिथं खड्ड्याचे पण स्वच्छ संडास आहेत. तळ सोडून उघड्यावर राहायचं तर मोआबच्या आसपास आपली घाण आपणच डब्यातून परत न्यायचा नियम आहे. आम्ही वाटेसाठी पिशवीचा संडास आणि एक उभा आडोशाचा तंबू नेला. दोन्ही मिळून बाळाएवढं वजन, आणि टपावरच्या तंबूपेक्षा दहापट उपयोगी.

दुसऱ्या दिवशी शेफर वाट उतरलो. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९६४) ती वरच्या पठारावरून सुमारे दीड हजार फूट खाली जाते, वळणावर वळण, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला आकाश. कठडा नाही. जावयाने वरच टायरची हवा पस्तिसावरून बावीसवर आणली. हवा कमी केली की टायर दगडाभोवती दबतो आणि गचका त्याच्यातच मुरतो; पाठीला जो आराम मिळाला तो सगळ्या खर्चाच्या वस्तूंपेक्षा या फुकटच्या गोष्टीने. गियर अगदी खालचा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. नातू खिडकीतून ओरडत होता, लेकीने डोळे मिटले होते. मी मात्र बघत होते. आमचा वरंध घाट आठवला, पण तो हिरवा, आणि इथं गवताची काडी नाही.

खाली नदीच्या अंगाला निळेशार तलाव दिसले. पोटॅशचे. जमिनीच्या पोटात पाणी सोडून क्षार वर काढतात आणि उन्हात वाळवतात. पाणी लवकर उडावं म्हणून त्यात निळा रंग टाकतात. मी नातवंडांना म्हटलं, "ही तर आपली पेणची मिठागरं!" मग त्यांना पेण कुठं ते सांगता सांगता डांबरी रस्ता आला. तिथं उतरून जावयाने छोट्या पंपाने हवा भरली, एकेका टायरला चार-पाच मिनिटं. कमी हवेवर हमरस्त्याने पळायचं नाही, टायर तापून फुटतो.

येत्या वसंतात जावयाला त्याच उद्यानाच्या नीडल्स भागात एलिफंट हिल नावाची वाट करायची आहे. तिथं खडकाच्या पायऱ्याच आहेत म्हणे, आणि एका जागी गाडी उलटी न्यावी लागते. मी त्याला सांगून टाकलंय, तू आणि पोरं जा. खालच्या तळावर प्यायचं पाणी आहे, सावली आहे. मला एक खुर्ची आणि फ्रिजची किल्ली देऊन ठेव.