एका पूर्णविरामाची गोष्ट

कांहीं दिवसांपूर्वीं आम्ही वर्गांत प्रथिनांची रचना शिकवीत होतों. पेशींतील संदेश तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनीं लिहिलेला असतो, बहुतेक शब्दांस एकेक अमिनो आम्ल नेमून दिलेलें असतें, आणि 'यूजीए' हा शब्द आला कीं प्रथिन संपलें, असें आम्हीं सांगितलें. मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, तेथें प्रत्येक वेळीं थांबावेंच लागतें काय?" "प्रत्येक वेळीं!" असें ठासून सांगून आम्ही पुढें गेलों. मुलगा मुकाट्यानें खालीं बसला.

त्या रात्रीं तो प्रश्न आम्हांस स्वस्थ बसूं देईना. ग्रंथ उघडून पाहतों तों आमचेंच उत्तर चुकीचें!

सेलेनियम हें मूलद्रव्य स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनीं १८१७ सालीं शोधिलें व चंद्रवाचक ग्रीक शब्दावरून त्यास नांव दिलें. अधिक झाल्यास तें विष होय. परंतु अल्प प्रमाणांत त्यावांचून आपलें शरीर चालत नाहीं. तें ज्या अमिनो आम्लांत असतें तें सेलेनोसिस्टीन. नेहमींच्या विसांनंतरचें हें एकविसावें. १९८६ सालीं उंदराच्या एका जनुकांत असें आढळलें कीं, याची जागा दाखविणारा शब्द 'यूजीए' हाच आहे.

अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या रेणूस ट्रान्स्फर आरएनए म्हणतात. पेशींतील हमालच म्हणा ना! एकविसाव्याचा हमाल निराळ्या बांध्याचा आहे. इतरांत सुमारें ७६ घटक, तर सस्तन प्राण्यांतील या हमालांत ९०. याची लांब शाखा ओळखून एक एन्झाइम प्रथम याच्यावर सेरीन नांवाचें साधें आम्ल चढवितें. तें पाठीवर असतांनाच दुसरें एन्झाइम त्यास फॉस्फेट जोडतें, आणि तिसरें तें फॉस्फेट काढून तेथें सेलेनियम बसवितें. म्हणजे ओझें वाटेंतच पालटतें! मग सेरीनाच्या इतर हमालांचें ओझें कां पालटत नाहीं? त्यांचा वरचा दांडा बारा जोड्यांचा, याचा तेरा जोड्यांचा. त्या दांड्याच्या मापावरून तिसरें एन्झाइम आपला हमाल ओळखतें.

आणि थांबावें कीं पुढें जावें, हें कशावरून ठरतें? सस्तन प्राण्यांत, प्रथिनाचा मजकूर संपल्यावर संदेशाच्या शेपटांत एक वळणदार आकृति असते. ती असेल तर मागील 'यूजीए' हा पूर्णविराम राहत नाहीं. मनुष्यांत अशा प्रथिनांचीं जनुकें २५ आहेत. ज्या उंदरांतून या हमालाचें जनुक काढून टाकिलें, ते गर्भांतच मरण पावले.

दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमक्ष आम्हीं त्या मुलास म्हटलें, "बाळ, तुझा प्रश्न योग्य होता, चुकलों आम्ही." बोलतांना थोडें जड गेलें, हें खरें. मुलगा लाजला, पण तास सुटल्यावर वही घेऊन आमच्या मागोमाग आला, आणि तेरा जोड्यांचें चित्र काढून घेतल्यावांचून गेला नाहीं.

संदेश शेवटपर्यंत न वाचतां आम्हीं एका मुलाच्या जिज्ञासेपुढें पूर्णविराम दिला होता. तो वेळींच खोडतां आला, याबद्दल आम्ही परमेश्वराचे ऋणी आहों. घरोघरचे आईबापही मुलांस उत्तर देतांना हें ध्यानीं ठेवितील, अशी आशा आहे.