कोल्हापूर पाहावे गाडी मोडून

कोल्हापूरला माणसे अंबाबाईच्या दर्शनाला जातात, रंकाळ्यावर वारा खायला जातात, चपला घ्यायला जातात, आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपून नाकाडोळ्यांतून पाणी काढायला तर हमखास जातात. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी या चारही गोष्टींचा पुरता चोथा केलेला आहे. शिवाजी उद्यमनगर पाहायला मात्र कोणी जात नाही. तिथे जावे लागते. आमच्यावर तो प्रसंग जुन्या जीपच्या मागच्या अॅक्सलने आणला. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून म्हणतात ना, तसे कोल्हापूर पाहावे गाडी मोडून, असे आता मी खुशाल सांगतो.

बेत होता पुण्याहून निघून कोल्हापूरमार्गे गगनबावडा गाठण्याचा आणि करूळचा घाट उतरून दिवाळीची सुट्टी कोकणात घालवण्याचा. कळे गाव मागे पडले न पडले तोच मागच्या उजव्या चाकातून करकर ऐकू येऊ लागली. उतरून पाहतो तो चाक पडायला आलेल्या दातासारखे हलते आहे आणि आतून तेलाचा ओघळ आला आहे. उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्याने जीप मागे बांधून परत ओढत आणली. पैशांचे विचारले तर म्हणाला, "पावणं, पैशाचं काय काढताय?"

वाटेतल्या पहिल्या दुकानात निकाल झटपट लागला. शाफ्टचे टोक झिजले आहे, त्यावर वेल्डिंग भरून लेथवर कातून देतो, तीन हजार द्या, उद्या संध्याकाळी घाटात असाल! मुलांनी टाळ्या पिटल्या. ट्रॅक्टरवाला मात्र मान हलवीत म्हणाला, "घाट उतरनार असशिला तर एकदा उद्यमनगरात दावा."

उद्यमनगरात एका दारात लेथ, दुसऱ्या दारात वेल्डिंगच्या ठिणग्या, तिसऱ्या दारात साच्यांची काळी वाळू. बोलणे सगळे ओरडून. ही विद्या इथे आली ती उसाच्या मागोमाग. विहिरीचे नि नदीचे पाणी उचलायला ऑइल इंजिने हवीत, गुऱ्हाळाला चरक हवेत, आणि भर हंगामात यंत्र बसले तर मुंबईहून सुटा भाग येईपर्यंत ऊस काही थांबत नाही. मग तो भाग इथेच ओतायचा आणि इथेच कातायचा. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे इथे अजून आदराने घेतात. परदेशी यंत्र उघडून पाहायचे आणि तसे आपण करायचे, ही या गावाची खोडच जुनी. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून मोटारींच्या कारखान्यांना ओतीव भाग जातात, पण मोडलेली गाडी येते ती उद्यमनगरातच.

आमचे मेस्त्री सत्तरीचे, बोलायला कंजूष. त्यांनी हब ओढून काढला आणि चेपलेली चौकोनी चावी माझ्या तळहातावर ठेवली. या जीपच्या शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते. त्यावर हब चढवून नट करकचून आवळायचा. खरी पकड त्या निमुळत्या बसणीची, चावी नुसती मदतनीस. कधीतरी कोणीतरी नट ढिला ठेवला होता, त्यामुळे सगळा जोर चावीवर आला आणि तिची खाच रुंदावत गेली.

मेस्त्रींनी ते टोक रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, मग कोरडे पुसले, वर खडूची भुकटी चोळली आणि चहा मागवला. कप रिकामे होईपर्यंत पांढऱ्या खडूवर खाचेच्या कोपऱ्यातून केसाएवढी ओली रेघ उमटली.

"आत शिरल्यालं रॉकेल भाईर येतंय. तडा हाय."

"यावर वेल्डिंग केलं तर?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"वैनी, वरनं लिंपलं की भिंत झ्याक दिसती. भेग आत तशीच." शिवाय शाफ्ट पाणी दिलेल्या पोलादाचा. वेल्डिंगच्या आचेने शेजारची जागा ठिसूळ होते, हे त्यांनी काडी मोडून दाखवले.

"आणि तुटला तर?"

महायुद्धातल्या जीपचे मागचे चाक हाउसिंगवर स्वतःच्या बेअरिंगांवर फिरे. शाफ्टचे काम फक्त फिरवण्याचे, तो तुटला तर गाडी नुसती थांबे. नंतरच्या नागरी जीपमध्ये गाडीचे वजनही शाफ्टच पेलू लागला. तो बाहेरच्या टोकाला तुटला की चाकच निघून जाते. मेस्त्रींनी हे एवढे सांगितले नाही, फक्त हाताचा पंजा मनगटापासून बाजूला उडवून दाखवला. मुले बाहेर वाळूच्या ढिगात खेळत होती.

मग हिशेब. एक शाफ्ट गेला, तर दुसराही त्याच वयाचा. दोन्ही शाफ्ट, दोन्ही हब, बेअरिंगे, सील. हाउसिंग उघडल्यावर आणखी एक संकट निघाले: सीलमधून तेल गळून गेल्यामुळे क्राउन-पिनियनचे दात तापून निळे पडले होते. एकंदर 28,000 रुपये. सौभाग्यवतींनी पर्समधून प्रवासखर्चाची यादी काढली, कोकणातल्या मुक्कामाच्या ओळींवर एक लांब रेघ मारली आणि म्हणाल्या, "करा सुरू."

पुढचे दिवस मुलांनी रंकाळ्यावर काढले, मी मेस्त्रींच्या बाकड्यावर. नव्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांत बसवणे, ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. तेलात शेंदूर कालवून दातांना लावायचा, चक्र फिरवायचे आणि शेंदूर नेमका कुठे पुसला ते पाहायचे. टोकाकडे पुसला तर सगळे पुन्हा उघडायचे, कागदासारखी पातळ पत्र्याची चकती घालायची किंवा काढायची, पुन्हा शेंदूर. हे पाच वेळा झाले. पाचव्या वेळी दाताच्या मधोमध डाग उमटला, तेव्हा मेस्त्री पहिल्यांदा हसले.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः जीप पन्हाळ्याच्या चढावर नेली आणि वर पोचल्यावर दोन्ही हबांना उलटा हात लावून पाहिला. दोन्ही कोमटच होते.

बिलात सर्वांत लहान आकडा मजुरीचा होता, हे मला मुळीच पटले नाही. वर काही देऊ लागलो तर त्यांनी नोटा परत केल्या आणि कोपऱ्यातल्या जुन्या शाफ्टांकडे बोट दाखवले.

"त्ये ठेवून जावा. तडा गेल्यालं कापून टाकतो. ऱ्हायल्याल्याच्या छिन्न्या लई झ्याक हुत्यात."