हा अंक कोणासाठी?

एखादे नियतकालिक हाती घेतले म्हणजे वाचक प्रथम मुखपृष्ठ पाहतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आमचा अनुभव निराळा आहे. वाचक प्रथम स्वतःस पाहतो. या पानांत आपल्या घरचे, आपल्या तोंडचे, आपल्या उपयोगाचे काही आहे काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर चित्रे कितीही सुरेख असोत आणि कागद कितीही गुळगुळीत असो, अंक मिटला जातो तो पुन्हा उघडत नाही. ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली, आणि ती ज्या रीतीने कळली, ती आज वाचकांसमोर मोकळेपणाने मांडावी असे वाटते.

बेळगावानजीकच्या आमच्या धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी नाताळनिमित्त एक अंक काढावा, असे तरुण मंडळींच्या मनात आले. संपादनाचे काम आमच्याकडे आले. अर्धा भाग विद्यार्थ्यांसाठी, अर्धा गायनवृंदासाठी, असा बेत ठरला. आम्ही हौसेने रात्री जागवल्या. मुखपृष्ठावर वेलबुट्टी आणि परदेशी धाटणीची वीणा घातली. आत बारीक टाइपात दोन-दोन रकाने ठासून भरले. आमचा स्वतःचा संपादकीय लेख तीन पाने चालला. गीतांचे स्वर पाश्चात्त्य पद्धतीने पाच रेघांवर छापून घेतले, कारण ते दिसावयास भारदस्त दिसत. चाळीस पानांचा तो अंक हाती आला, तेव्हा आम्हांस आमचाच हेवा वाटला.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत त्या अंकाची परीक्षा झाली. गायनवृंदात चौदा जण. त्यांपैकी पाच रेघांवरचे स्वर वाचता येणारे दोघे. बाकीचे बारा जण पेटीच्या सुरावर आणि कानावर चालणारे. तरी शब्द समोर होते म्हणून गीत सुरू झाले. दुसरे कडवे अर्ध्यावर आले आणि पान संपले. उरलेले कडवे पाठीमागच्या पानावर होते. एकाच वेळी चौदा पाने उलटण्याचा सळसळाट झाला, कोणाची दोन पाने एकदम उलटली, आणि भर देवळात गीत थांबले. पेटी एकटीच वाजत राहिली. तेवढ्यात स्त्रियांच्या बाजूने एक थकलेला, पण सुरात पक्का असा आवाज उठला. गायनवृंदातील सर्वांत वृद्ध आजींनी ते कडवे हातात कागद न घेता पुढे नेले. त्यांच्यामागून एकेक जण सावरला आणि गीत शेवटास गेले.

सणानंतर आम्ही आजींचे आभार मानावयास त्यांच्या घरी गेलो. अंकाची एक प्रत, त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहून, त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळास लावली, उघडली आणि बराच वेळ पाहिली. "मास्तर, बेस झालंय पुस्तक," त्या म्हणाल्या. त्यांनी अंक उलटा धरला होता. इतकी वर्षे ज्या बाईंच्या कंठातून देवळातील सारी गीते आम्ही ऐकली, त्यांना अक्षरओळख नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते विचारण्याचे कधी सुचलेच नव्हते.

आमची अडचण ओळखून त्यांनी नातवास हाक मारली. सातवीतला मुलगा, घरी अस्खलित मराठी बोलणारा, पण शाळा कन्नड माध्यमाची. तो बिचारा बोट ठेवून वाचू लागला. साधे शब्द सरले आणि जोडाक्षर आले की तो अडे. कन्नड लिपीत जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या पायाशी बसते. आपल्या लिपीत बहुधा पहिलेच अक्षर अर्धे होऊन दुसऱ्यास चिकटते. त्याची नजर जेथे शोधी, तेथे अक्षर नसे. आमच्या संपादकीयाचे पहिले वाक्य सहा ओळींचे होते. तिसऱ्या ओळीवर त्याने आजीकडे पाहिले, आणि आजींनी आमच्याकडे न पाहता म्हटले, "ऱ्हाऊ दे रे, बाळा." घरातून निघताना कोनाड्यातील त्याच्या वह्यांवर आमची नजर गेली. तीन वह्यांना आमच्या अंकाच्या मुखपृष्ठांची कव्हरे होती. गुळगुळीत कागदाचा तेवढा उपयोग झाला होता.

वाटेने येताना आम्ही स्वतःस एकच प्रश्न विचारीत होतो : हा अंक आम्ही कोणासाठी काढला? उत्तर लाजिरवाणे होते. तो आम्ही आमच्यासाठी काढला होता.

वास्तविक आपल्या ख्रिस्ती परंपरेत याचा धडा चारशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. प्रभूचे चरित्र लिहावयास त्यांना युरोपातील काव्याचे साचे उपलब्ध होते. परंतु ज्या लोकांसाठी ते लिहीत होते, त्यांच्या कानांस पुराणश्रवणाची सवय होती. म्हणून त्यांनी मराठी भाषा घेतली, ओवी घेतली, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन अक्षरांत छापावे लागले. लिपी परकी राहिली, पण ऐकणाऱ्याचा कान त्यांनी ओळखला होता. म्हणून वाचता न येणाऱ्या घरांतही ते पोचले.

संगीताच्या मासिकांचा इतिहासही हेच सांगतो. जर्मनीतील ट्रिअर येथे जन्मलेले जोसेफ माइन्झर यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली होती. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी मजुरांचे गायनवर्ग चालविले आणि नंतर ते लंडनला आले. १८४२ साली त्यांनी अशा गायनवर्गांसाठी एक संगीतपत्र सुरू केले. १८४४ साली ते जोसेफ आल्फ्रेड नोव्हेलो या प्रकाशकाकडे गेले. त्याचे वडील व्हिन्सेंट नोव्हेलो हे लंडनमधील पोर्तुगीज वकिलातीच्या कॅथोलिक प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवीत. या पत्राचे नाव ‘म्युझिकल टाइम्स’. गायनवर्गांचे परिपत्रक असे त्याच्या नावातच जोडलेले होते, म्हणजे वाचक कोण हे माथ्यावरच सांगितले होते. प्रत्येक अंकासोबत समूहाने गाता येईल असे एक गीत छापलेले असे. वाचकास संगीताविषयी ऐकावयाचे आहे, त्याहूनही त्यास गावयाचे आहे, हे त्या माणसांनी ओळखले. ते पत्र शंभराहून अधिक वर्षे चालले.

त्याच काळात जॉन कर्वेन या प्रॉटेस्टंट पाळकाने मिस सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून अक्षरांनी स्वर लिहिण्याची रीत रूढ केली. पाच रेघांसाठी खास खिळे लागतात आणि खास शिक्षणही लागते. अक्षरे मात्र साध्या छापखान्यातही असतात आणि साध्या माणसासही येतात. हे वाचताना आम्ही कपाळास हात लावला. आपल्याकडे सा रे ग म आहे! पेटीवर बसणारे प्रत्येक पोर ते जाणते. घरचा दिवा सोडून आम्ही शेजारच्या गावी उजेड शोधीत होतो.

मग आम्ही तरुण मंडळींस जमवून नव्याने आरंभ केला. पहिला निर्णय असा झाला की, एका अंकाचे दोन करावयाचे. वाचक तेच होते. आजींचा नातू विद्यार्थीही होता आणि गायनवृंदातही होता. परंतु विद्यार्थ्यांचा अंक तो ओटीवर बसून, मांडीवर धरून, सवडीने वाचणार. गीतांचा अंक तो उभा राहून, इतरांच्या खांद्यावरून, मंद उजेडात आणि सुरांच्या ओघात वाचणार. वाचक कोण एवढेच पाहून भागत नाही. तो कोठे, कसा आणि कोणासंगे वाचणार, हेही पाहावे लागते.

विद्यार्थ्यांचा अंक केवळ बारा पानांचा केला. मोठा कागद मधोमध दुमडला की त्याची चार पाने होतात. म्हणून पाने चाराच्या पटीत धरली, म्हणजे कोरे पान उरत नाही आणि पैसा वाया जात नाही. अक्षर सोळा पॉइंटाचे, ओळीत सात-आठ शब्द, दोन ओळींत मोकळी जागा. प्रत्येक मजकूर समोरासमोरच्या दोन पानांत संपलाच पाहिजे, असा नियम केला. अवघड जोडाक्षराचा शब्द आला की त्याच्या जागी सोपा शब्द शोधला. जेथे सोपा नव्हता तेथे तोच ठेवला, पण एका पानावर असे दोनच. हे काम हलके नव्हे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढले. तेच आपटे मराठीच्या शब्दकोशाचेही कर्ते होते. ज्याच्यापाशी शब्दांचे कोठार आहे, त्यानेच मुलांसाठी मोजके शब्द निवडावे, यात मोठा विनय आहे. तो आमच्या अंगी नव्हता. आमचे तीन पानांचे संपादकीय या वेळी सहा ओळींवर आले, आणि त्या सहाही ओळी आम्ही आधी त्या मुलाकडून वाचून घेतल्या. तो जेथे अडला तेथे आम्ही खोडले. मुखपृष्ठावर वीणा नव्हती. आमच्याच देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलांचे छायाचित्र होते.

गीतांच्या पत्राची कथा वेगळी. ते पुस्तक न करता दुमडता येणारे जाड कागदाचे पत्र केले. एक गीत एका बाजूस पुरे, पान उलटणे नाही. अक्षर बावीस पॉइंटाचे, ध्रुवपद ठळक, प्रत्येक शब्दावर त्याचा स्वर. वरच्या व खालच्या सप्तकांचे टिंब छापताना पुसट होते, म्हणून ते मुद्दाम मोठे घेतले. पहिला मसुदा देवळातील दिवे मालवून, दोन मेणबत्त्यांच्या उजेडात उभा करून पाहिला. निळी शाई दिसेनाशी झाली. ती काढून काळी घेतली.

परंतु छापावयाचे काय? येथे आम्ही पुन्हा आजींच्या ओटीवर गेलो. त्यांच्याजवळ बाळ येशूचे पाळणे होते, पवित्र मरियेची गीते होती, उपवासकाळात घरोघरी म्हणावयाचे दुःखसहनाचे अभंग होते. आणि यांतील बरीच कोठेच लिहिलेली नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध करून उपासनेत लोकभाषेस दार उघडले, त्याच्याही आधीपासून ही गीते आमच्या घरांत मराठीत गायिली जात होती. आजी गात, नातू शब्द लिही, पेटीवाला स्वर लिही. मुलाचे शुद्धलेखन आम्ही रात्री तपासत असू. चुका पहिल्या आठवड्यात पुष्कळ होत्या; पाचव्या आठवड्यात थोड्या राहिल्या.

पुनरुत्थानाच्या सणास विद्यार्थ्यांचा अंक निघाला. त्या सायंकाळी आजींच्या ओटीवर नातवाने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचला. दोनदा अडला, पण थांबला नाही. आजींच्या मांडीवर दुसरी प्रत होती. त्यांनी ती सुलटी धरली होती, कारण मुखपृष्ठावरील नातवाचे तोंड त्यांस ओळखता येत होते.

त्या पावसाळ्यात आजी प्रभूघरी गेल्या. अकरा गीते लिहून झाली होती. बाकीची त्यांच्यासंगे गेली. किती होती, हे सांगावयास आता कोणी नाही. वेलबुट्टीच्या अंकासाठी आम्ही ज्या रात्री जागवल्या, त्यांतील निम्म्या जरी आम्ही त्या ओटीवर काढल्या असत्या, तर काय काय वाचले असते, हा विचार अजून आम्हांस सुखाने झोपू देत नाही.

२२ नोव्हेंबर हा संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण. त्या दिवशी गीतांचे पहिले पत्र गायनवृंदाच्या हाती पडले. त्यावर आजींचा एक पाळणा होता. चौदांपैकी एक जागा रिकामी होती, तेथे नातू उभा राहिला. गीत कोठेही थांबले नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही मुले अंक काढू म्हणतील. त्यांस अवश्य काढू द्यावा. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना अस्पष्ट तुतारीचा दाखला दिला आहे. ज्याचा अर्थ ऐकणाऱ्यास लागत नाही, तो नाद व्यर्थ होय, हा त्याचा भावार्थ. म्हणून कागद, रंग, चित्र यांची निवड करण्यापूर्वी मुलांस गावातील एका घराच्या ओटीवर नेऊन बसवावे. तेथे वाचणारा कोण, ऐकणारा कोण, अडतो कोठे, हसतो कोठे, हे पाहावे. आपल्या शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा संपादकासही आहे. आणि त्या घरात एखादी म्हातारी गुणगुणत असेल, तर अंकाचा विचार तूर्त बाजूस ठेवून प्रथम वही उघडावी.