30 पैकी 28

मागच्या आठवड्यात अकोट तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजातून फोन आला. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या एका कॉलेजची नाहीच. "सर, फिजिक्स लॅबचं निर्लेखन आहे. समितीत बाहेरचा एक जाणकार पाहिजे. तुम्ही आता रिटायर आहात, अर्धा तास येऊन जा."

निर्लेखन म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरातून वस्तू कमी करणे. आपल्या भाषेत, भंगारात काढणे.

गेलो तर यादी टाईप करून तयार. टँजंट गॅल्व्हानोमीटर 4 नग, मीटर ब्रिज 6, पोस्ट ऑफिस बॉक्स 2, लेक्लान्शे सेलच्या काचेच्या बरण्या 9. सगळ्यांपुढे एकच शेरा: निरुपयोगी. बाकी सह्या झालेल्या, फक्त माझी जागा कोरी.

म्हटलं, कपाट उघडा.

"कायले जी सर? धूळच हाय सारी," लॅबवाले भाऊ म्हणाले. "अन् ते टँजंटवालं तं आता कोर्सातही नाही."

उघडलं. पोस्ट ऑफिस बॉक्सच्या पितळी खुंट्या काळ्या पडल्या होत्या. (नावावर जाऊ नका. पत्रांशी त्याचा संबंध नाही. तारखात्यातले लोक तारांचा रोध मोजायला आणि बिघाड शोधायला ही पेटी वापरत, म्हणून हे नाव.) मीटर ब्रिजच्या तारा तुटलेल्या. आपल्या जुन्या अकोला-अकोट मीटरगेजच्या दोन रुळांत जेवढं अंतर होतं, तेवढीच ही तार, एक मीटर. ती बदलली की ब्रिज पुन्हा चालू. खर्च किरकोळ. पण तेवढ्यासाठी सहाचे सहा निरुपयोगी!

तेवढ्यात बारावीची एक मुलगी जर्नलवर सही घ्यायला आली. सहज तिचं जर्नल चाळलं. मीटर ब्रिजचा प्रयोग, अक्षर मोत्यासारखं, वाचनं एकदम चोख.

"बेटा, ही वाचनं तू घेतली का?"

"नाही सर. दिली."

कोणी दिली ते मी विचारलं नाही. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, अन् चूकही तिची नव्हती. आठवड्याचे पाच दिवस ती अकोल्याला क्लासला असते. तिथे प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवून घेतात, तार हातात देत नाहीत.

त्यातल्या त्यात बरा एक टँजंट गॅल्व्हानोमीटर टेबलावर ठेवला. हे यंत्र पुईये नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं, 1837 चं. उभी गोल चौकट, तिच्यावर तारेचे वेढे, मधोमध चुंबकसूची. वेढ्यांतून वीज गेली की सुई वळते. एकीकडे वीज ओढते, दुसरीकडे पृथ्वीचं चुंबकत्व तिला उत्तर-दक्षिण धरून ठेवतं. या ओढाताणीत सुई जेवढ्या कोनात थांबते, त्याच्या टँजंटवरून वीजप्रवाह कळतो. अख्खी पृथ्वी या प्रयोगात भाग घेते, अन् तिचं बिल येत नाही.

पोरीलाच करायला लावलं. स्क्रू फिरवून यंत्र समतल केलं, चौकट सुईच्या रेषेत आणली, काटा शून्यावर घेतला. सेल जोडणार तोच ती ओरडली, "सर, हे तं आपोआप हालून रायलं!"

काटा आठ-दहा अंश सरकला होता. तिने मोबाईल यंत्राशेजारी ठेवला होता. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. मोबाईल उचलला, काटा परत शून्यावर.

मग तिला कुलाब्याची गोष्ट सांगितली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरची ट्राम येणार ठरलं, तेव्हा त्या विजेमुळे सुया बिघडतील हे ओळखून चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला नेली. संचालक होते नानाभॉय मूस. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. आणि दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप घेतलं, म्हणजे जुन्या नोंदी नव्या नोंदींशी जुळवता याव्यात. सुईनं खोटं सांगू नये म्हणून एवढा खटाटोप!

नंतर तिने वाचनं घेतली. काट्याची दोन टोकं, प्रवाह उलटा करून पुन्हा दोन. 43, 44, 46, 45.

"सर, यातलं बरोबर कोणतं?"

"चारही. सरासरी काढ."

ती जरा वेळ आपल्या जर्नलकडे पाहत राहिली. तिथे सगळं एकदम जुळत होतं.

आता खरी गोष्ट सांगतो, मंडळी. घरी येताना मला त्या कॉलेजचा राग नव्हता आला, स्वतःची लाज वाटली होती. बारावी फिजिक्सला लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मीही ज्यांनी कधी प्लगही घट्ट बसवला नव्हता, त्या पोरांना 30 पैकी 28 देत आलो. "गरीब घरची लेकरं आहेत, आपल्यामुळे मागे पडू नयेत" असं मनाला समजावत होतो. पण ते 28 मार्क पोराला काही शिकवत नव्हते. शिकवत असलेच तर एवढंच, की उत्तर आधी ठरवायचं अन् मोजमाप मागून लिहायचं. हीच पोरं उद्या पाणी तपासतील, रस्त्याचं बिल मंजूर करतील, पीकनुकसानीचा पंचनामा लिहितील. बांधावर न जाता लिहिलेला पंचनामा आपण पाहिलेला आहे. तेव्हा आपण शिव्या तलाठ्याला देतो.

यादीवर मी तडकलेल्या बरण्यांपुढे सही केली. बाकीच्यांपुढे लिहिलं: दुरुस्तीयोग्य. प्राचार्यांना ते फारसं आवडलं नाही. ब्रिजच्या सहा तारा मी आणून देतो म्हटलं, तेव्हा "बरं, बघू" म्हणाले.

तुमचं लेकरू अकरावी-बारावी सायन्सला असेल तर आज जेवताना एवढंच विचारा: या वर्षी किती प्रयोग स्वतःच्या हाताने केले? मार्क विचारू नका.