चार शिंपले आणि समुद्राचे घड्याळ



अलिबागला गेलात तर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला पाहालच. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे. ओहोटीला तिथे पायी जाता येते, भरती आली की चहूकडे पाणी. आत गणपतीचे देऊळ आहे आणि खाऱ्या समुद्रात असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे.

माझी या किनाऱ्यावर नुकतीच बदली झाली होती, तेव्हाची गोष्ट. पौषातल्या विनायकी चतुर्थीला मी तिसरीतल्या मुलीला घेऊन सकाळी दहाला किल्ल्यात गेलो. दर्शन झाले, तटावरून हिंडलो. बाराला परत निघालो तर वाटेत पाणी माझ्या कमरेला लागले. पोरीला खांद्यावर घेतले. पाय सरकत होते. एका कोळी काकांनी पुढे येऊन हात दिला, म्हणून काठाला लागलो.

काका रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, आज तिथी कोणती? चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी. मग बाराला पाणी चढणारच ना!"

मी बी.एस्सी. झालेला, आणि हा हिशेब मला ठाऊक नव्हता!

मुलीने मात्र तो तिथेच शिकून घेतला. काकांनी वाळूत चार शिंपले मांडले, एक बाजूला काढला. उरले तीन. अष्टमीला आठ शिंपले, म्हणजे चाराचे दोन ढीग; दोन्हींतून एकेक काढा, उरले सहा. म्हणून सहाला भरती. द्वादशीला नऊला. मधल्या तिथीला दर तिथीमागे पाव तास वजा करायचा. पंचमीला पाचातून सव्वा तास गेला, म्हणजे पावणेचार. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. इथे ती पाऊणकी डोळ्यांनी दिसते.

हा हिशेब ठोकळ आहे, तो कोकणच्या या किनाऱ्यापुरता. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा पोरांना घेऊन जाताना स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.

भरती रोज उशिरा का येते? चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकतो, म्हणून तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्या ओढीने चालते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढही त्यात मिळते, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती कमी चढते, तिला भांग म्हणतात. खाडीकाठच्या खारभूमीत उधाणाच्या दिवशी बांधावर आणि उघाडीवर लक्ष ठेवावे लागते. बांध फुटून खारे पाणी शिरले तर भाताची जमीन काही वर्षे हातची जाते. तिथल्या पोराला हे गणित येणे म्हणजे घरचे भात राखणे होय.

तुमच्या गावी समुद्र नसेल, पण चंद्र आहेच. शुद्ध पक्षात तो कोणत्या झाडामागे किती वाजता मावळतो, ते मुलाला रोज लिहून ठेवू द्या. खळ्यात काठी रोवून सकाळ, दुपार, संध्याकाळ तिची सावली वितीने मोजू द्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो माळा करून विकतात. त्या माळेतले कांदे मोजताना इथली पोरे बेरीज-गुणाकार शिकतात. तुमच्याकडे वाफ्यातल्या रोपांच्या ओळी आहेत.

याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी हेच केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणावर नेली.

पाटीवरचा आकडा पोर विसरते, हाताने मोजलेला विसरत नाही. माझी मुलगी आज संसारी बाई आहे. अजूनही किनाऱ्यावर निघाली की आधी दिनदर्शिकेत तिथी बघते.

आज जेवणानंतर अंगणात बसा आणि पोराला विचारा, "बाळा, आज तिथी कोणती?"