बाभळीचा बुंधा, रातभराचा विस्तव

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. उन्हाळ्यात पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या या शहराच्या वाट्याला अशी थंडी वर्षातले मोजकेच दिवस येते, त्यामुळे इथली घरं थंडीचा विचार करून बांधलेली नसतात. मग चहाच्या टपरीसमोर, ऑटो स्टँडजवळ, रखवालदाराच्या खुर्चीपुढे शेकोट्या पेटतात. पुठ्ठा, फळांच्या पेट्यांच्या फळ्या, वाळल्या काड्या. भला मोठा जाळ होतो, माणसं मागे सरकतात, आणि अर्ध्या तासात तिथे राख असते. उमरेड किंवा काटोलच्या बाजूला शेतात जागलीला बसलेल्या माणसाची शेकोटी मात्र उजाडेपर्यंत टिकते. सरपण त्याच्याकडेही काही बंडीभर नसतं.

हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्र काढणाऱ्या या माणसाची रचना ठरलेली असते. बाभळीचे किंवा बोरीचे दोन-तीन जाड ओंडके जमिनीवर ठेवायचे, टोकं एका जागी आणायची, आणि मध्ये बोटभर फट सोडायची. पेटवायला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, मूठ. टोकं जळत गेली की ओंडके पायाने किंवा काठीने आत सारायचे. जाळ मोठा होऊ द्यायचा नाही. एकटा जाड ओंडका पेटवून सोडला तर तो बहुधा विझतो, कारण त्याची धग चारी बाजूंनी निघून जाते. दोन जळते पृष्ठभाग समोरासमोर आले की एकाची धग दुसऱ्याला पेटतं ठेवते. फट फार रुंद झाली तर हा व्यवहार तुटतो, अगदी बुजली तर हवा कोंडते. बोटभर हे माप पिढ्यान् पिढ्या हातांनी ठरवलेलं आहे आणि ते चोख आहे.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण दिसणारी ज्वाळा असते ती लाकडातून निघालेल्या वायूंची. साधारण दोनशे अंशांच्या वर लाकूड तापलं की ते फुटू लागतं, तीनशेच्या आसपास वायू जोराने बाहेर पडतात आणि हवेशी मिसळून पेटतात. कोरड्या लाकडाच्या वजनातला तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग असाच निघून जातो. उरतो तो कोळसा, जो ज्वाळेशिवाय सावकाश जळतो. बारीक काडी आरपार एकदमच तापते, म्हणून तिचा सगळा वायू एका भपक्यात सुटतो. जाड ओंडक्याचं फक्त बाहेरचं साल तापतं, आणि तिथे तयार झालेला कोळशाचा थर आतल्या लाकडाला धगीपासून राखतो. तास वाढतात ते इथे.

म्हणूनच विदर्भाच्या चुलीत दोन प्रकारचं सरपण नांदत आलं आहे. शेवटची वेचणी झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या पेटायला आणि भाकरीला. बाभूळ, बोर, धावडा हे विस्तव धरून ठेवायला. भाकरीला जाळ लागतो, वैलावरच्या वरणाला निखारा पुरतो. नुसत्या पऱ्हाटीवर स्वयंपाक करायचा तर बाईला चुलीपुढून उठता येत नाही. एक हात पिठात आणि एक हात काड्यांत. उलट्या मडक्यावर भाजल्या जाणाऱ्या नागपूरच्या लंबी रोटीला मात्र हाच त्रास मुद्दाम पत्करावा लागतो. मडकं सगळीकडून सारखं तापायला हवं, त्यामुळे तिथे बारीक फोडलेलं लाकूड आणि ते सतत सारणारा माणूस लागतो. ओंडका टाकून निवांत होणं त्या रोटीला मानवत नाही.

कोणतं लाकूड चांगलं, यावर गावागावांत ठाम मतं असतात, आणि ती बहुतेक बरोबरच असतात. गंमत अशी की वजनाला वजन लावलं तर झाडाझाडांत उष्णतेचा फार फरक पडत नाही. चांगलं वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण ४,५०० किलोकॅलरी देतं. बाभूळ थोडी पुढे, ४,८०० ते ४,९५०. खरा फरक घट्टपणाचा आहे. धावड्याचं लाकूड सावरीच्या दुपटीहून जड भरतं. चुलीच्या किंवा शेगडीच्या पोटात जागा तेवढीच, मग त्या जागेत धावड्याचा तुकडा ठेवला तर दुप्पट जळण मावलं. पळस, सावर ही लाकडं हलकी, पेटायला सोपी आणि संपायलाही तेवढीच घाईची.

ओलं लाकूड जास्त वेळ जळतं, हा समज मात्र मोडायलाच हवा. नुकत्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं किलोभर लाकूड चुलीत घातलं तर जळण असतं अर्धाच किलो, आणि उरलेलं अर्धा लिटर पाणी तापवून त्याची वाफ करण्यात तीनशेच्या आसपास किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे चूल इतकी थंड राहते की निघालेले वायू पेटतच नाहीत. ते धूर होऊन बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातात. म्हणजे लाकूड टिकल्यासारखं दिसतं, पण त्यातली निम्मी ताकद छपरातून निघून गेलेली असते.

या बाबतीत नागपूरचं ऊन मोठं उपकारी आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. त्या दिवसांत हवेत ओल म्हणून उरत नाही. होळीच्या सुमारास फोडून उन्हात रचलेली बाभूळ मृग लागण्याआधी कोरडी होते. फोडणं महत्त्वाचं, कारण साल पाणी अडवते आणि उघडी पडलेली बाजू ते सोडते. रचताना तुकड्यांतून वारा खेळायला हवा, आणि पहिला पाऊस यायच्या आत ढीग सपरीत किंवा कोठ्यात जायला हवा. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात. ओल्याचा आवाज बद्द येतो.

घरातली छोटी बंद भट्टी म्हणाल तर मराठी माणसाला ती बंबाच्या रूपात ठाऊक आहे. महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांत मोठ्या कुटुंबाच्या आंघोळी त्याच्यावरच उरकत. तांब्याच्या पिंपात मधोमध उभी नळी, तळाला जाळी, जाळीखाली राखेची जागा. जळण वरून नळीत टाकायचं, पाणी नळीभोवती. हा बंब भरण्यातही कसब आहे. आधी जाळी मोकळी करायची, कारण राख साचली की खालून हवाच येत नाही. मग ढलप्या, त्या पेटल्यावर एक-दोन जाड तुकडे उभे सोडायचे, आणि त्यांच्या बाजूने हवेला वाट ठेवायची. नळी गच्च कोंबली तर धूर उलटा फिरतो. बंबाची आणखी एक अडचण अशी की त्याच्या भिंतीपलीकडे पाणी असल्याने ज्वाळा लवकर थंडावते. ओलं लाकूड घातलं की नळीला चिकट काजळी धरते ती यामुळे. बंबाला दिलेलं लाकूड म्हणूनच घरातलं सगळ्यांत कोरडं असावं.

आणि मग भुशाची शेगडी. जास्त वेळ जळणाऱ्या छोट्या शेगडीचा याहून सुंदर नमुना दुसरा नसेल. लकडगंजसारख्या लाकूडबाजारात आरा मशिनीखाली भुशाचे ढीग पडतात. कापलेल्या लाकडाचा तो कचरा. पत्र्याचा डबा, तळाशी बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून तिच्या बुडापर्यंत एक दांडका आडवा घालायचा, आणि भोवती कोरडा भुसा थराथराने ठासून भरायचा. मग दांडका आणि बाटली हलकेच फिरवत काढायची. आत उभी पोकळी उरते. खालच्या भोकातून काडी लावली की पोकळीची आतली भिंत पेटते आणि जळत जळत बाहेरच्या दिशेने सरकते. मध्ये हात लावावा लागत नाही. नीट ठासलेली शेगडी काही तास चालते. भुसा सैल राहिला तर भिंत ढासळते, पोकळी बुजते आणि धूर सुटतो. मुठीत धरलं तर भुसा हे सगळ्यांत भराभर जळणारं लाकूड. त्यालाच दाबून, हवेला एकच वाट देऊन, सगळ्यांत सावकाश जळायला लावणारी ही युक्ती ज्या कोणाला सुचली, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

काड्यापेटी महाग होती तेव्हा रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी राख बाजूला सारून, फुंकणीने फुंकून चूल पेटवत. राख हवा अडवते आणि धगही राखते. निखारा विझत नाही आणि फारसा जळतही नाही. ज्यांचा विस्तव विझला, ते शेजारी जळती गोवरी मागायला जात.

पण हवा कोंडून जळण लांबवण्याला एक भीषण बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून येतात. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक ठरत नाही. शेगडी झोपायच्या खोलीबाहेरच हवी.

कमी लाकडात जास्त काम आणि डोळ्यांत धूर नाही, हा प्रश्न नागपूरच्या शेजारी वर्ध्यात फार आधी हाती घेतला गेला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं मगनवाडीत होतं आणि काम जे. सी. कुमारप्पांच्या हाती. तिथल्याच प्रयोगांतून पुढे मगन चूल आली. मातीचीच, पण एका जाळावर एकाहून जास्त भांडी आणि धूर धुरांड्यातून घराबाहेर. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्यात तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या, त्यातल्या पुष्कळशा मोडल्या किंवा अडगळीत पडल्या. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या, आज ‘नीरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनेही ‘नीरधूर’ नावाची बहुइंधनी चूल तयार केली आहे. भारतीय मानकानुसार पंखा नसलेल्या सुधारित चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के असावी लागते, पंखा असलेलीची ३५. तीन दगडांच्या चुलीची ती दहाच्या आसपास धरली जाते. फरक मोठा आहे, आणि तो डोक्यावरच्या मोळ्यांत मोजला तर आणखी मोठा वाटतो.

मात्र या चुलींची चाचणी होते ती एकसारख्या कापलेल्या, वाळवलेल्या तुकड्यांवर. चुलीचं तोंड लहान, पोट लहान, म्हणून लाकूडही वीतभर आणि मनगटाहून बारीक हवं. बाभळीचा गाठाळ बुंधा इतका बारीक करायचा म्हणजे कुऱ्हाड चालवायची, आणि घरातला पुरुष शेतावर किंवा कामावर गेलेला असला की ती बाईच्याच हाती येते. तिला तेवढी उसंत नसते. मग ती लांब लाकूड तसंच चुलीच्या तोंडातून आत घालते आणि आजीने सारलं तसं पुढे सारत राहते. अर्धं लाकूड बाहेर, तोंड सताड उघडं, थंड हवा आत, आणि पंचवीस टक्क्यांचा हिशेब तिथेच बिघडतो.