तर्रीवरचं तेल

देवळीहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीत बाबांच्या पायाशी दोन वस्तू हमखास असत. एक हरभऱ्याची थैली आणि एक पत्र्याचा डबा. डब्याचं झाकण फडक्याने घट्ट आवळलेलं असे, तरी गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत आतल्या तेलाचा उग्र वास आजूबाजूच्या दोन-तीन बाकांपर्यंत गेलेला असायचा. मग मागून कोणीतरी विचारायचंच, "जवसाचं हाय का, भाऊ?" बाबा मान हलवत. "बहिणीसाठी. नागपूरले."

१९७६-७७ ची ही गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा होतो आणि शहर म्हणजे माझ्यासाठी नागपूर. वर्धा, सेलू, केळझर, बुटीबोरी अशी एकेक खूण मागे टाकत लाल गाडी तीन तासांनी नागपुरात शिरायची. नागपुरात काय पाहिलं, असं शाळेत कोणी विचारलं तर मी महाराजबागेतला वाघ सांगायचो. खरं तर मला आठवत असायची ती तर्री.

आत्याचं घर महालात होतं आणि आतोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी ही मिल १८७७ साली नागपुरात सुरू केली, कारण आमच्याकडचा कापूस इथून जवळ होता. देवळीच्या काळ्या मातीतली बोंडं बैलगाडीने जिनिंगला जात, तिथून गाठी होऊन शहरात. त्या कापसामागून आमच्या भागातली माणसंही शहरात गेली. रात्रपाळी संपवून आतोबा घरी येत ते डोक्यावर कापसाचे तंतू घेऊनच. हातपाय धुतले की मला म्हणत, "चाल लेका, नाश्ता करून येऊ."

कोपऱ्यावर चार चाकांचा ठेला. एका पातेल्यात वाफेवर ठेवलेले पोहे, हळदीने पिवळेधम्मक. दुसऱ्या पातेल्यात हरभऱ्याचा रस्सा आणि त्या रश्शावर बोटभर जाडीचं लालभडक तेल. हीच ती तर्री. मिरचीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. मसाला तेलात मनापासून परतला आणि रस्सा मंद आचेवर राहू दिला, तर ते रंगलेलं तेल सगळी चव अंगावर घेऊन वर येऊन थांबतं. ठेलेवाला पळसाच्या द्रोणात पोहे घेई, त्यावर चमच्याने चणे, वर कांदा, सांबार आणि लिंबाची फोड. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. शेवटी पळी रश्शाच्या तळाशी न नेता नुसती वरून फिरवायची आणि द्रोणावर ओतायची.

पहिला घास घेताच माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी येई. तरी अर्धा द्रोण संपला की ठेलेवाला न चुकता विचारायचा, "अजून मारू का तर्री?" या दुसऱ्या पळीचे पैसे नसत. शेजारी उभा असलेला मिलचा कामगार, हमाल, कोर्टात तारखेला आलेला खेड्यातला माणूस, सगळ्यांना तोच प्रश्न. पोहे मोजून मिळत, तर्रीला मोजमाप नव्हतं. रात्रभर मागापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला दुपारपर्यंत धरून ठेवील असा तो नाश्ता होता.

त्या चवीचं मूळ कळायला मला बरीच वर्षं लागली. एकदा आतोबांबरोबर मीही आमचा डबा घेऊन ठेल्यापर्यंत गेलो होतो. आत्याने त्यातलं शेरभर तेल ठेलेवाल्यासाठी पाठवलं होतं. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "हे घाण्याचं हाय. अशानंच तर्री चढते."

तो कोष्टी होता. नागपूरचा हलबा-कोष्टी समाज मूळचा विणकर. हातमागाचे दिवस सरत गेले तशा यातल्या कितीतरी घरांनी चुलीचा आधार घेतला. घरात बायका ज्या हाताने मसाला वाटत होत्या, त्याच हाताच्या जोरावर भोजनालयं उभी राहिली. सावजी हे नाव आज देशभर गेलं आहे, त्याची सुरुवात अशी माजघरातली आहे. खोबरं, खसखस, दगडफूल भाजून वाटलेला तो काळसर मसाला आणि जवसाचं तेल, ही त्या स्वयंपाकाची जुनी जोडी. हे तेल नीट कडकडीत तापवावं लागतं, नाहीतर कच्चा वास राहतो. तापवण्याचा अंदाज आला की मात्र त्याला दुसरं तेल पर्याय होत नाही.

आणि जवस पिकायचा आमच्याकडे. कार्तिकात पेरायचा, पाणी द्यायचं नाही, जमिनीतल्या ओलीवर वाढू द्यायचा. हरभऱ्याच्या कडेने आमच्या शेतात जवसाच्या ओळी असत. पौषात सकाळी शेतात गेलं की निळी फुलं उघडलेली दिसायची आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जायच्या. आजी आम्हाला त्या ओळींतून पळू देत नसे. म्हणजे शहराच्या द्रोणात हरभरा आमचा, तेल आमचं. पोह्यांचं धान भंडारा-गोंदियाकडचं, मिरची भिवापूरची, हळद आमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. अख्खा पूर्व विदर्भ त्या एका द्रोणात मावलेला असे. मला वाटायचं आपण शहराची चव चाखायला चाललो आहोत, आणि बाबा पायाशी धरून नेत होते ती चव आमच्याच शेतातली होती.

आता गेल्या हिवाळ्यातलं सांगतो. नातीला नागपूर दाखवायचं म्हणून आम्ही निघालो. तुळजापूरकडे जाणारा चौपदरी महामार्ग देवळीला लागूनच गेला आहे. २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्धा ते कळंब रेल्वेही धावू लागली आणि आमच्या देवळीला स्टेशन आलं. लहानपणी रेल्वे पाहायला आम्ही वर्ध्याला जायचो. मोटारीने आम्ही दीड-दोन तासांत नागपुरात होतो. एम्प्रेस मिलच्या जागी आता मॉल आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो सीताबर्डीवरून जाते, तिच्यातून उतरून आम्ही कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोह्यांपाशी गेलो.

गर्दी तशीच. उलट जास्तच. कॉलेजची मुलं, वकील, बँकेत निघालेल्या बाया, डबा घेऊन उभा असलेला डिलिव्हरीचा पोरगा. ठेल्याला फोनने पैसे देण्याचा चौकोन चिकटवलेला. पोह्यांबरोबर आलुबोंडा-तर्री, समोसा-तर्री, पाटवडी-तर्री, हवं असेल तर वरून चीज. संध्याकाळी फुटाळ्याला मूंगवडे, गोकुळपेठेत गुपचूप, म्हणजे पाणीपुरी. उलट्या मडक्यावर लांब रोटी थापणाऱ्या बायांचे फोटो काढायला माणसं लांबून येतात.

एक गोष्ट पाहून मात्र मला मनापासून बरं वाटलं. आत्या त्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर आयुष्यात एकदाही उभी राहिली नाही. तिच्या घरच्या तेलाची तर्री तिला डब्यातून घरी आणून दिली जायची, तीही पुरुषांचं झाल्यावर, थंड झालेली. आता माझी सून आणि नात भर रस्त्यात उभ्या राहून, नाक पुसत, गरम पोहे खात होत्या आणि कोणी वळून पाहत नव्हतं. ठेला चालवणारी बाईच होती. पूर्वी महापालिकेची गाडी दिसली की ठेलेवाला उकळतं पातेलं घेऊन गल्लीत पळायचा. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हापासून त्यांच्या बाजूने बोलायला निदान एक आधार आहे. जुनं ते सगळंच सोनं होतं, असं मी म्हणणार नाही.

पण घास घेतला आणि मी थांबलो. तिखट होतं, लाल होतं, चणे मऊ शिजलेले होते. तो वास नव्हता. ठेल्याखाली सोयाबीन तेलाचे पिवळे डबे रचलेले होते.

त्या बाईला मी काय बोलणार? तिच्या डब्यातलं सोयाबीनही आमच्याच भागातलं असेल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आम्हीच शेतं बदलली. सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येतं, दसरा-दिवाळीला पैसा देतं. त्याच्यामागे हरभरा पेरायचा. जवसाला उतारा कमी, गिऱ्हाईक कमी. आधी त्याच्या ओळी गेल्या, मग बांधावरूनही तो गेला, मग गावातला बैलाचा घाणा बसला. भिवापूरच्या मिरचीला आणि वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्याला त्याआधी २०१४ मध्ये. चांगलं झालं. पण कागदावर नाव राहिलं तरी वाफा पेरावाच लागतो. शहराची चव बदलली म्हणून आपण शहराला बोल लावतो. ती चव आधी आमच्या बांधावर संपली होती.

"आबाजी, जवसाचं फूल कसं असते?" परतताना नातीने विचारलं. वर्ध्याला थांबून गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतला, तिच्या हातात दिला, तरी तिचा प्रश्न तसाच राहिला. मी रंग सांगितला. रंग सांगून फूल कळत नाही.

या कार्तिकात हरभऱ्याच्या कडेने मी सहा ओळी जवस पेरला. पौषात नात सुट्टीला आली तेव्हा तिला सकाळीच शेतात नेलं. ती माझ्या आजीने बजावल्यासारखीच ओळींच्या बाहेर उभी राहिली, कोणी न सांगता. फाल्गुनात जवस निघाला तो थोडकाच. लाकडी घाण्यावरून काढून आणला तेव्हा जेमतेम दोन बाटल्या तेल झालं. त्यातलं वाटीभर मी कढईत चांगलं तापवलं, मसाला परतला, शेतातलेच चणे घातले आणि आच मंद केली. घरभर वास पसरला. सुनेने खिडक्या उघडल्या.

तासाभराने रश्शावर तेल चढलं. नातीला प्लेट दिली. पहिल्या घासाला तिने तोंड वाकडं केलं. "वास वेगळाच येऊन राहिला," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. ती खात राहिली, नाक ओढत, अर्धी प्लेट होईपर्यंत. मी पळी हातात घेऊन उभा होतो. विचारावं की नाही, असं मनात चाललं होतं.

तिनेच प्लेट पुढे केली. "आबाजी, अजून मारा."